कुत्र्याच्या कानाचं दुखणं: मेडिकलमधून ड्रॉप्स आणण्याआधी

पाऊस लागून पंधरा दिवस झाले की जोगेश्वरीत प्राण्यांच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसून बघा. डोकं झटकणारा एखादा तरी कुत्रा दिसतोच. मजासवाडीच्या चाळीतला देशी असेल, ओशिवऱ्याच्या टॉवरमधला कॉकर स्पॅनियल असेल, मालकाची तक्रार एकच असते: "कानात काहीतरी गेलंय, ड्रॉप्स लिहून द्या." बहुतेकांनी दवाखान्यात येण्याआधी मेडिकलमधून एखादी बाटली आणून संपवलेली असते. चार दिवस बरं वाटलेलं असतं, मग पुन्हा तेच.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. कुत्र्याच्या कानाचा आजार बऱ्याचदा मुळात कानाचा नसतो. तो ज्या कारणानं झाला ते कारण हुडकलं नाही, तर कितीही महागडे ड्रॉप्स घातले तरी तो महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो, आणि प्रत्येक खेपेला आधीपेक्षा हट्टी होऊन येतो. म्हणून आधी ओळखायला शिकायचं, मग कारण शोधायचं, औषध त्यानंतर.

कान आतून कसा असतो हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्या कानाची नळी आखूड आणि जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. त्यामुळे आत गेलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही, मळ तळाशी साचतो, आणि टॉर्च मारून कितीही डोकावलं तरी आपल्याला फक्त वरचा भाग दिसतो. "मी बघितलं, कान स्वच्छ आहे" या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्यात लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर, बीगल यांचे कान लोंबते. वरून पाळीचं झाकण आणि आत ऊब, ओल, अंधार. मुंबईची जून ते सप्टेंबरची दमट हवा, दिवसभर बंद घर, बाथरूमच्या ओल्या लादीवर गारव्याला जाऊन झोपायची कुत्र्याची सवय, हे सगळं एकत्र आलं की बुरशीला आणि जंतूंना आणखी काही लागत नाही.

आठवड्यातून एकदा वास घ्या

कानाच्या आजाराची सर्वात आधी खबर देतं ते आपलं नाक. आठवड्यातला एक वार ठरवून टाका. त्या दिवशी कानाची पाळी उलटी करून आत बघा आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, थोडासा फिकट मळ असतो आणि वास जवळपास नसतो. दर आठवड्याला हे केलं की तुमच्या कुत्र्याचा कान चांगला असताना कसा दिसतो ते डोळ्यात बसतं, आणि बदल झाला की लगेच जाणवतो. पिल्लू असतानाच ही सवय लावा. कानाला हात लावू देणाऱ्या कुत्र्यावर उपचार करणं किती सोपं जातं, हे ज्यांच्या कुत्र्यानं एकदा तरी हात झिडकारलाय त्यांना विचारा.

आजाराची चिन्हं अशी: वारंवार डोकं झटकणं, मागच्या पायानं कानाच्या मुळाशी खाजवणं, सोफ्याच्या कडेला किंवा दाराच्या चौकटीला कान घासणं, पाळीची आतली बाजू लाल आणि गरम लागणं, डोक्यावर हात फिरवताना कुत्र्यानं अंग चोरणं. एखादा प्रेमळ कुत्रा अचानक मुलांवर गुरगुरायला लागला तर आधी त्याचे कान बघा. दुखणाऱ्या कानाला चुकून धक्का लागला म्हणून चावा घेतलेल्या कुत्र्याला "बिघडला" म्हणून घराबाहेर काढलं जातं, आणि ते फार वाईट वाटतं.

मळाचा रंग आणि वास काही अंदाज देतात. तपकिरी, चिकट, तेलकट मळ आणि आंबूस वास असेल तर बहुधा यीस्ट, म्हणजे मॅलासेझिया नावाची बुरशी. काळपट, कोरडा, भुरभुरीत मळ आणि जिवाची आग व्हावी अशी खाज असेल, विशेषतः पिल्लाला किंवा घरात मांजर असेल तेव्हा, तर इअर माइट्स, म्हणजे कानात राहणारे सूक्ष्म किडे. पिवळा-हिरवा पू, असह्य दुर्गंधी आणि हात लावू न देणारी वेदना असेल तर जिवाणू, आणि त्यात स्युडोमोनास हा खडतर प्रकार असू शकतो. पण हा अंदाजच. एका कानात दोन-दोन गोष्टी एकत्र असतात, आणि रंग बघून औषध निवडणं म्हणजे मेडिकलच्या काउंटरवरून निदान करणं.

खरं निदान करणारी तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर कानातला मळ स्वॅबवर घेतात, तो स्वॅब काचेच्या स्लाइडवर लाटल्यासारखा फिरवतात, स्लाइड रंगात बुडवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. काही मिनिटांचं काम. यीस्ट असेल तर शेंगदाण्याच्या आकाराचे जांभळे ठिपके दिसतात. गोल जंतू दिसले तर बहुतेक स्टॅफिलोकॉकस, दांड्यांसारखे लांबट दिसले तर प्रकरण गंभीर समजून पू कल्चरला पाठवायचा. माइट्स असतील तर तेलात कालवलेल्या मळात ते वळवळताना दिसतात. डॉक्टरांना दाखवा म्हणावं. एकदा ती स्लाइड स्वतः बघितली की "कोणतेही ड्रॉप्स चालतील" हा समज कायमचा जातो. त्याचबरोबर ओटोस्कोपनं नळी आणि पडदा बघणं आवश्यक. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानात उतरलं, तर ऐकू येणं आणि शरीराचा तोल या दोन्हींना धोका असतो. पडदा न बघता आणलेली बाटली म्हणूनच जोखमीची.

तेव्हा डॉक्टरांना नि:संकोच म्हणा: "स्लाइड बघूया का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

कारण कुठे शोधायचं

ज्या कुत्र्याचे दोन्ही कान वर्षातून दोन-तीन वेळा बिघडतात, त्याचे पंजे बघा. तो पंजे चाटतो का? पांढऱ्या किंवा फिकट केसांच्या कुत्र्याचे पंजे चाटून चाटून तांबूस झालेत का? काखा, जांघा, पोट लाल आहे का? असेल तर आजार कातडीचा आहे, अ‍ॅलर्जीचा आहे. कानाची नळी ही शेवटी कातडीच. ती आत वळलेली असल्यामुळे तिथली सूज आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. धुळीतले सूक्ष्म कीटक, ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी, परागकण, पिसवा आणि काही कुत्र्यांच्या बाबतीत अन्न, ही अ‍ॅलर्जीची नेहमीची कारणं. आपल्याकडच्या लहान, दमट घरांत यातल्या निम्म्या गोष्टी बाराही महिने हजर असतात.

अन्नाची अ‍ॅलर्जी असेल तर ती शोधायचा खात्रीचा मार्ग एकच, किमान आठ आठवड्यांचं काटेकोर पथ्य. कुत्र्यानं आजवर न खाल्लेलं प्रथिन, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य, आणि त्याशिवाय काहीही नाही. आपल्या घरांत कुत्रा बहुधा दूध-पोळीवर किंवा चिकन-भातावर वाढलेला असतो, आणि दूध, चिकन, गहू हीच अ‍ॅलर्जीची मोठी कारणं आहेत. पथ्य बहुतेक वेळा मोडतं ते आजी-आजोबांच्या हातून. चहाबरोबर अर्धं बिस्किट, जेवताना पोळीचा तुकडा, वॉचमनकाकांनी लाडानं घातलेला पाव. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की हे आठ आठवडे म्हणजे औषधच आहे. एक बिस्किट खाल्लं तरी सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

अ‍ॅलर्जी एकदा ठरली की ती मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते. हे ऐकून खचून जाऊ नका. आटोक्यात राहिलेल्या अ‍ॅलर्जीचा कुत्रा अनेक वर्षं मजेत जगतो. पण दर खेपेला फक्त कानाचे ड्रॉप्स देणाऱ्या उपचारावर समाधान मानू नका.

दुसरं कारण गोचीड. मुंबईत गोचिडांचा हंगाम असा काही नसतो, त्या वर्षभर असतात. त्यांना कान फार आवडतो, कारण तिथली कातडी पातळ आणि कुत्र्याचं तोंड तिथे पोचत नाही. पाळीच्या आतल्या घड्या, कानामागचा खळगा, आणि कधी कधी थेट नळीत. जुन्या चाळींत आणि तळमजल्यावरच्या घरांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते: कुत्र्यावर दिसतात त्या गोचिडी म्हणजे प्रश्नाचा छोटा भाग. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत किंवा पलंगाच्या लाकडाच्या सांध्यात शिरते आणि हजारो अंडी घालते. म्हणून कुत्रा, त्याचं अंथरूण आणि भिंतीच्या भेगा यांचा बंदोबस्त एकाच वेळी करावा लागतो. गोचीड काढताना चिमटा कातडीला अगदी चिकटवून धरा आणि एका दमात, न पिळता ओढा. काडी पेटवून चटका देऊ नका, रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. कानाच्या नळीत खोल शिरलेली गोचीड डॉक्टरांनाच काढू द्या. आणि गोचिडी काढल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा मलूल झाला, ताप आला, जेवेना, हिरड्या फिकट दिसल्या, तर एक दिवसही थांबू नका. तो गोचीडताप असू शकतो, आणि तो जीव घेतो.

आता कुसळ. याविषयी जोगेश्वरीकरांना विशेष सांगायला हवं, कारण इथले कितीतरी लोक सकाळी कुत्र्याला घेऊन जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड ओलांडतात आणि आरेच्या हिरवाईत फिरवतात. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाची रचना अशी असते की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कुत्र्याच्या कानात शिरलं की डोकं झटकण्याच्या प्रत्येक हिसक्यानिशी ते आणखी खोल जातं, पडद्याला भोकही पाडतं. ओळखायचं कसं? फिरून आल्यावर लगेच, एकाच कानासाठी, अचानक सुरू झालेलं वेडंपिसं झटकणं, डोकं एका बाजूला कललेलं, आणि त्या बाजूला हात लावू न देणं. सकाळी ठणठणीत होता आणि नऊ वाजता असा झाला, असं असेल तर कुसळाची शंका आधी घ्या. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बहुधा गुंगीचं औषध देऊन, लांब चिमट्यानं ते काढावं लागतं. घरी ड्रॉप्स किंवा तेल घालून ते बाहेर येईल ही आशा बाळगू नका. दिवाळीच्या सुट्टीत कुत्र्याला गावी नेणाऱ्यांनीही माळावर फिरवून आणल्यावर कान, पायांची बोटं आणि काखा हातानं चाचपून बघाव्यात.

इअर माइट्सचं निदान सोपं आणि उपचारही आता सोपा. गोचीड-पिसवांसाठी महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या ज्या नव्या चघळायच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच माइट्सवरही चालतात. गोळी वजनानुसार असते, आणि फिट येणाऱ्या कुत्र्याला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर सगळ्यांवर एकत्र उपचार करा, नाहीतर माइट्स एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मात्र कोणाच्या सांगण्यावरून टोचून घेऊ नका. कोली आणि शेल्टीसारख्या काही जातींना ते घातक ठरतं. आणि कानाच्या कडा जाड, खपलीदार झाल्या असतील, केस झडले असतील, कड बोटांनी चोळताच कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागत असेल, तर ती खरूज. ती माणसालाही लागते.

घरी काय करायचं, काय अजिबात नाही

नाही, ते आधी. कोमट केलेलं मोहरीचं किंवा लसणीचं तेल नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, स्पिरिट नाही, व्हिनेगर नाही. सोललेल्या कातडीवर या गोष्टी आग लावतात आणि तेल तर बुरशीला खाद्य पुरवल्यासारखं होतं. माणसांचे कानाचे ड्रॉप्स नाहीत. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली नाही. आणि इअर बड्स नाहीतच. बडनं मळ बाहेर येत नाही, वळणाच्या तळाशी ठासून बसतो. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांच्या कानातले केस उपटायची ग्रूमिंगमधली पद्धतही निरोगी कानासाठी सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. उपटलेल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी सूज येते आणि धडधाकट कान दुखता होतो. नळी केसांनी गच्च भरून आजार होत असेल तर ते डॉक्टरांना ठरवू द्या.

सफाई कशी करायची ते आता. कुत्र्यांच्या कानासाठी बनवलेलं क्लीनर घ्या, डॉक्टरांना विचारून. बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करा, कारण थंड द्रव कानात पडला की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली जातो. कुत्र्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून बसवा. पाळी हलकेच वर धरा, नळी सरळ होते. बाटलीचं टोक कानाला न टेकवता नळी काठोकाठ भरेल एवढं क्लीनर ओता. चार थेंबांनी काही होत नाही. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या वरच्या बाजूला, जी कडक नळी बोटांना लागते ती अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरून अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच असा आवाज आला पाहिजे. तो आला म्हणजे द्रव तळापर्यंत पोचला. आता सोडा आणि मागे सरका, कुत्रा जोरात डोकं झटकेल, आणि तळाचा मळ तोच वर आणून देईल. कापसाच्या बोळ्यानं किंवा गॉजनं, बोट जाईल तिथपर्यंतच, पुसून घ्या. लगेच खाऊ द्या. घरात सफाई बाथरूममध्ये करा, भिंती धुता येतात.

किती वेळा? निरोगी कानाला सारखी सफाई लागत नाही. अति धुण्यानं आतली कातडी ओलसर राहून पांढरी, भुसभुशीत होते आणि आजाराला वाट मिळते. लोंबत्या कानांच्या कुत्र्याला पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी मळ दिसला तर. आंघोळीआधी दोन्ही कानांत कापसाचा मोठा बोळा हलकेच ठेवा आणि आंघोळ झाल्यावर तो आठवणीनं काढा. पावसात भिजून आला की पाळीची आतली बाजू कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, आणि पंखा लावून बसा थोडा वेळ दोघंही. कान खूप दुखत असेल, रक्त किंवा पू असेल, तोल जात असेल, तर मात्र घरी काही ओतू नका. तेव्हा पडदा शाबूत आहे की नाही ते तपासल्याशिवाय सफाईच करायची नाही.

डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले की त्यांचे दोन नियम. एक, मळानं भरलेल्या कानात औषध घालून उपयोग नाही, ते मळावरच बसतं. सफाई आधी, दहा-पंधरा मिनिटांनी ड्रॉप्स, आणि पुन्हा मुळाशी चोळणं. दोन, कान बरा दिसला म्हणून औषध थांबवायचं नाही. खाज आणि लाली दोन-तीन दिवसांत कमी होते, कारण ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असतं. जंतू आणि बुरशी तेव्हा आत असतातच. उपचार सहसा एक ते दोन आठवडे, जुन्या दुखण्यात त्याहून बरेच जास्त. संपल्यावर पुन्हा स्लाइड बघून "साफ" असा शेरा मिळाला की मगच बंद. ही दुसरी खेप आपण सगळे टाळतो, रिक्षाचा आणि फीचा विचार करून. पण पुढच्या तीन आजारपणांचा खर्च या एका खेपेनं वाचतो. अर्धवट उपचारांनी नळीची कातडी जाड होत जाते, नळी अरुंद होते, शेवटी औषध आत उतरायला जागाच उरत नाही. त्या टप्प्यावर संपूर्ण नळी काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया हा एकच मार्ग राहतो.

ज्या वेळी थांबायचं नसतं

पाळी अचानक फुगली, उशीसारखी मऊ आणि गरम लागली, तर आत रक्त साठलंय. डोकं झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते. सुईनं टोचून ते काढायचा मोह आवरा. डॉक्टर ते निचरतात किंवा टाके घालून पाळी सपाट करतात, आणि त्याच वेळी मूळ आजारावर उपचार होतो. नुसतं सोडून दिलं तर पाळी चुरगळून कायमची आकसते.

डोकं एका बाजूला कललेलं, गोल गोल फिरणं, चालताना पडणं, बुबुळं सारखी एका बाजूला हलणं, ओठ एका बाजूला लोंबणं, तोंड उघडताना विव्हळणं: संसर्ग पडद्यापलीकडे मधल्या किंवा आतल्या कानात गेल्याची ही चिन्हं असू शकतात. त्याच दिवशी दाखवा. मात्र म्हाताऱ्या कुत्र्याला कानात काहीही नसताना एका रात्रीत असंच होतं, आणि घरची माणसं "अर्धांगवायूचा झटका आला, आता याचं संपलं" म्हणून इंजेक्शन देऊन सोडवायचा विचार करू लागतात. थांबा. म्हातारपणी येणारा तोलाचा हा विकार अनेकदा काही दिवसांतच उतरायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालतो, डोकं थोडं तिरकं राहिलं तरी. तपासणी होईपर्यंत कोणताही शेवटचा निर्णय घेऊ नका.

गल्लीतल्या कुत्र्यांचे कान

जोगेश्वरी गुंफेच्या आसपासच्या वस्तीतल्या किंवा स्टेशनबाहेरच्या कुत्र्यांकडे नीट बघा. अनेकांच्या एका कानाच्या टोकाला खाच दिसेल. ती जखम नव्हे. नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची ती खूण असते, ती बघून "कुणीतरी कान कापला" म्हणून घाबरू नका. कानाला खाच नसलेलं कुत्रं दिसलं तर मात्र नसबंदीसाठी कळवण्यासारखं आहे.

या कुत्र्यांच्या कानाची मोठी भीती म्हणजे किडे पडणं. भांडणात पाळी फाटते, किंवा खाजवून जखम होते, माशी त्यावर अंडी घालते, आणि एका दिवसात अळ्या बाहेर पडतात. काही माश्यांच्या अळ्या जिवंत मांस खातात. एक कान खाली पडलेला, त्यातून रक्तमिश्रित पाणी, सडल्यासारखा वास, कुत्रा कोपऱ्यात डोकं खाली घालून बसलेला: असं दिसलं की तास मोजायचे. पाळीवरच्या उघड्या जखमेवर औषधी स्प्रे मारता येतो, पण टर्पेंटाइन किंवा अळ्या मारायची पावडर कानाच्या नळीत घालू नका. दोन्ही विषारी आहेत, आत गेली तर कानाचं नुकसान करतात आणि चाटली गेली तर कुत्र्याला विषबाधा होते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला किंवा जवळच्या डॉक्टरांना बोलवा. अळ्या एकेक करून काढाव्या लागतात आणि सलग काही दिवस जखम बघावी लागते.

तुम्ही स्वतः हात घालणार असाल तर कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय आणि सोबत त्याच्या ओळखीचं कुणी असल्याशिवाय नको. कितीही गरीब कुत्रा असला तरी दुखऱ्या कानाला हात लागला की चावतो. चावा किंवा दात लागून ओरखडा जरी आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. नियमित खायला घालणाऱ्यांना एक विनंती: ज्या कुत्र्यांना तुम्ही रोज खायला घालता त्यांच्या लशी आणि गोचिडांच्या गोळ्यांची नोंद एका वहीत ठेवा. गोळी चिकनच्या तुकड्यात लपवून देता येते, पण कुणाला कधी दिली ते लक्षात राहत नाही.

दवाखान्याबद्दल दोन शब्द. जोगेश्वरी, अंधेरी, गोरेगावात खासगी डॉक्टर भरपूर आहेत, आणि कानाच्या नेहमीच्या आजारासाठी घराजवळचा डॉक्टरच उत्तम, कारण पुन्हा जाणं होतं. निवडताना एवढंच बघा की तिथे सूक्ष्मदर्शक आहे आणि तो वापरला जातो. दुखणं जुनं, शस्त्रक्रियेपर्यंत आलेलं असेल, किंवा खर्च परवडत नसेल, तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते 1886 साली सुरू झालं, आणि त्याच्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय आहे. कित्येक पिढ्यांच्या मुंबईकरांनी आपली जनावरं तिथे नेली आहेत. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय 2024 मध्ये सुरू झालं, तिथे वेळ घेऊन जावं.

डॉक्टरांकडे जायचं ठरलं की त्या दिवशी कान साफ करू नका. धुतलेल्या कानाच्या स्लाइडवर काही सापडत नाही, आणि डॉक्टरांना तो आहे तसाच बघायचा असतो. आजवर वापरलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. शेवटचा ड्रॉप कधी घातला, कुत्रा काय खातो, पंजे चाटतो का, हे एका कागदावर लिहून ठेवा आणि तपासणी सुरू होण्याआधी सांगा.